स्टेशनाबाहेरचा अर्धा किलोमीटर

इंदूरची मेट्रो 31 मे 2025 रोजी धावू लागली. तारीख मुद्दाम निवडलेली होती. अहिल्याबाईंच्या जन्माला त्या दिवशी तीनशे वर्षं पूर्ण झाली. पंतप्रधानांनी भोपाळहून झेंडा दाखवला, पहिला आठवडा प्रवास फुकट होता, आणि गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर 3 या जेमतेम सहा किलोमीटरांवर शहरानं आपली हौस भागवून घेतली. मग तिकीट सुरू झालं, त्यावरची सवलतही टप्प्याटप्प्यानं आटली आणि डबे रिकामे दिसू लागले. तेव्हापासून इथल्या मराठी वस्त्यांत, रामबागेत जा की राजेंद्रनगरला, चहाच्या कपाबरोबर एकच प्रश्न पुढं येतो: त्या मेट्रोत बसतं कोण?

यावर दोन उत्तरं तयार असतात. पहिलं असं की धीर धरा. साडेएकतीस किलोमीटरचं सगळं वर्तुळ पूर्ण होऊ द्या, जुन्या बाजारातला राजवाडा जोडला जाऊ द्या, लोक आपोआप येतील. दुसरं उत्तर देणारे 2018 सालच्या साडेसात हजार कोटींच्या मंजुरीकडे बोट दाखवतात आणि तेवढ्या पैशात किती सिटी बस आल्या असत्या याचा हिशेब मांडतात. दोघंही गाडीकडे बघूनच बोलतात. माझं म्हणणं आहे की थोडं मागं वळून स्टेशनाच्या जिन्याखाली बघा. प्रवासी मिळणार की नाही, हे तिथल्या पहिल्या अर्ध्या किलोमीटरमध्ये ठरतं. आणि त्या अर्ध्या किलोमीटरचा विचार आपण उलट्या टोकानं करतो आहोत. स्टेशनाभोवतीचा विकास म्हटलं की आपल्याला आधी जादा मजले आठवतात. चालायच्या वाटा आठवल्याच तर शेवटी.

धीर धरा म्हणणाऱ्यांचं म्हणणं अगदी खोटं नाही. अहमदाबादेत मार्च 2019 मध्ये वस्त्राल ते अ‍ॅपरेल पार्क असा साडेसहा किलोमीटरचा तुकडा सुरू झाला आणि सप्टेंबर 2022 मध्ये पुढचे मार्ग उघडेपर्यंत तो तसाच एकटा राहिला. पुण्याचं तर आपल्याकडच्या निम्म्या घरांना ठाऊक आहे, कारण निम्म्या घरांतली मुलं तिकडेच नोकरीला आहेत. मार्च 2022 मध्ये वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी ते फुगेवाडी असे दोन सुटे तुकडे सुरू झाले तेव्हा लोक वाढदिवस साजरे करायला मेट्रोत जात. ऑगस्ट 2023 मध्ये दोन्ही मार्ग सिव्हिल कोर्टाशी येऊन मिळाले, एक रूबी हॉलपर्यंत गेला, आणि मग ऑफिसला जाणारी माणसं दिसू लागली. म्हणजे जाळं जुळलं की फरक पडतो.

पण मग मुंबईच्या पहिल्या मार्गाचं काय? वर्सोवा ते घाटकोपर, सव्वाअकरा-साडेअकरा किलोमीटर, बारा स्टेशनं. जून 2014 मध्ये तो सुरू झाला तेव्हा मुंबईत मेट्रोचं दुसरं काहीच नव्हतं. जाळं नव्हतं, तरी गाड्या भरून वाहू लागल्या. अंधेरी आणि घाटकोपरला लोकलची स्टेशनं जोडलेली होती हे कारण मोठंच. पण साकीनाका, मरोळ, चकाला इथं उतरलेला माणूस पायऱ्या संपता संपता दुकानात, कारखान्यात, गल्लीत शिरतो, हेही कारण आहे. तिथले फुटपाथ काही चांगले नाहीत, उलट भीषण आहेत. तरी जवळ काहीतरी आहे आणि तिथं पायी पोचता येतं. आपल्या पहिल्या पाच स्टेशनांजवळ नेमकं हेच नाही.

राष्ट्रीय पातळीवर 2017 साली स्टेशनाभोवतीच्या विकासाचं धोरण आलं. स्टेशनापासून 500 ते 800 मीटर, साधारण दहा-बारा मिनिटांची चाल, एवढा भाग त्यात प्रभावक्षेत्र मानला आहे. अर्ध्या किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर त्यात सुमारे 78 हेक्टर जमीन येते, म्हणजे 194 एकर. मात्र माणूस कावळ्यासारखा उडत जात नाही. काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांवरून अर्धा किलोमीटर चालायचं म्हटलं की त्या 194 एकरांतले सव्वाशेच एकर आवाक्यात राहतात. हे झालं रस्ते दाट आणि सगळीकडून मोकळे असले तर. आता सुपर कॉरिडॉरवर या, म्हणजे आपली पहिली मेट्रो धावते त्या रस्त्यावर. इथं टीसीएसचं आवार शंभर एकरांचं आहे, इन्फोसिसचं एकशेतीस एकरांचं. शंभर एकरांचं एक आवार त्या पूर्ण वर्तुळाचा निम्म्याहून जास्त भाग खाऊन टाकतं, एकशेतीस एकरांचं दोनतृतीयांश. आवाराला भिंत असते, भिंतीला मोजकी फाटकं असतात, आणि फाटकापासून आतल्या इमारतीपर्यंत पुन्हा चालायचं असतं. नकाशावर स्टेशनाशेजारी दिसणारी नोकरी पायानं मोजली तर दीड-दोन किलोमीटरवर जाते.

यात कंपन्यांना दोष द्यायचं कारण नाही. त्यांनी जमीन मागितली, सरकारनं दिली, आणि ती दिली तेव्हा रोजगार हाच हेतू होता. शिवाय विशेष आर्थिक क्षेत्राची कुंपणं नियमानंच बंदिस्त असतात. दोष असेल तर तो या समजुतीचा, की मोठा रस्ता आणि मोठा भूखंड म्हणजेच आधुनिक शहर. सुपर कॉरिडॉर सुमारे 75 मीटर रुंद आहे. धडधाकट माणसाला तो ओलांडायला मिनिटभर लागतो, तेही मधे एकही गाडी न येता. गुडघे दुखणाऱ्या काकूंनी काय करायचं? रस्त्याच्या मधोमध खांब, खांबांवर स्टेशन, दोन्ही बाजूंना सर्व्हिस रोड, त्यापलीकडे रिकामे प्लॉट, त्यापलीकडे भिंत. विमानतळावर उतरलेल्या पाहुण्याला हे भव्य दिसतं खरं. बडा घर पोकळ वासा म्हणतात, ते असं पायी फिरल्यावर पटतं.

कुणी म्हणेल, रिकाम्या प्लॉटवर दहा-पंधरा वर्षांत इमारती येतील, मग स्टेशनंही भरतील. इथंच माझा खरा वाद आहे. इमारती येतील यात शंका नाही. प्रश्न हा की त्या कशा येतील.

आपल्याकडे स्टेशनाभोवतीचा विकास हा विषय निघाला की चर्चा थेट एफएआरवर जाते, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येईल त्या प्रमाणावर; पुण्या-मुंबईकडे त्यालाच एफएसआय म्हणतात. जादा मजले द्या, त्याचे पैसे घ्या, त्या पैशांतून मेट्रोचं कर्ज फेडा. 2017 च्या मेट्रो धोरणानं जमिनीच्या वाढलेल्या किमतीतला वाटा प्रकल्पाकडे वळवायला सांगितलं आहे आणि ते रास्तच आहे. ज्या मेट्रोमुळे प्लॉटचा भाव चढला तिच्या खर्चाला प्लॉटवाल्यानं हात लावावा. पण मजले वाढले म्हणजे प्रवासी वाढले, हे गणित कागदावरच जुळतं. वीस मजली टॉवर, प्रत्येक फ्लॅटला दोन गाड्यांची जागा, भोवती भिंत, एक फाटक मागच्या रस्त्यावर. यात राहणारा माणूस लिफ्टनं तळघरात उतरतो आणि गाडी काढतो. त्याच्या घरापासून स्टेशन तीनशे मीटरवर असलं काय नि तीन किलोमीटरवर असलं काय, त्याला सारखंच.

हे माझं एकट्याचं मत नाही. रॉबर्ट सर्वेरो आणि कारा कॉकलमन या अभ्यासकांनी 1997 साली दाटी, वापरांची सरमिसळ आणि रस्त्यांची रचना या तीन गोष्टी एकत्र मांडल्या, आणि जगभरचे नियोजनकार आजही त्या भाषेत बोलतात. पुढं 2010 मध्ये रीड युइंग आणि सर्वेरो यांनी अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली. सार्वजनिक वाहनाच्या वापराशी सर्वांत घट्ट नातं दिसलं ते थांबा किती जवळ आहे याचं आणि रस्त्यांचं जाळं किती गुंफलेलं आहे याचं. नुसती लोकसंख्येची दाटी, बाकीच्या गोष्टी बाजूला काढल्यावर, अगदी फिकी पडली. हे अभ्यास मुख्यतः अमेरिकेतल्या शहरांवरचे आहेत आणि तिथली दाटी आपल्यापुढं काहीच नाही, हे धरूनच ते वाचावेत. पण म्हणूनच ते इंदूरला जास्त लागू पडतात असं मला वाटतं. दाटी आपल्याकडे आधीच आहे. कमी आहे ती सलग वाट.

साधा हिशेब करून बघा. हेक्टरी दोनशे माणसं धरली, जी जुन्या वस्तीत सहज असतात, तर त्या 78 हेक्टरांत साडेपंधरा हजार माणसं राहतात. भिंती, बंद गल्ल्या आणि न ओलांडता येणारे रस्ते यांमुळे त्यातला तिसरा हिस्साच दहा मिनिटांत स्टेशनाला पोचू शकला, तर उरतात पाच हजार. आता एफएआर दुप्पट केला तरी ते होतील दहा हजार. दोन भिंतींमधून एक वाट काढली, एक आंधळी गल्ली पुढच्या रस्त्याला जोडली, तर एकही मजला न चढवता तेवढीच माणसं आवाक्यात येऊ शकतात. आणि वाट काढायला येणारा खर्च खांबाच्या पायाएवढाही नसतो.

याउलट आपल्या शहरात जिथं हे आयतं आहे तिथली उदाहरणं बघा. गिरणी कामगारांसाठी वसलेलं नंदानगर घ्या. लहान प्लॉट, सरळ गल्ल्या, दर थोड्या अंतरावर आडवा रस्ता, खालच्या खोलीत किराणा किंवा शिवणकाम, वर घर. तिथं माणूस दुधासाठी गाडी काढत नाही. टिळकनगर, परस्परनगर, स्नेहलतागंज या आपल्या वस्त्याही त्याच जातकुळीच्या, निदान होत्या. छप्पन दुकान या खाण्यापिण्याच्या बाजाराचं उदाहरण तर ताजं आहे. 2020 मध्ये तिथून गाड्या बाहेर काढल्या, रस्ता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी ठेवला, आणि ते काम छप्पन दिवसांत उरकलं. गाडी दुकानासमोर उभी राहिली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही, हे आपल्या व्यापाऱ्यांचं आवडतं वाक्य. तिथं संध्याकाळी उभं राहायला जागा मिळत नाही.

इंदूरचा माणूस चालत नाही, असं जे म्हणतात त्यांनी अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झाँक्या बघायला यावं. रात्री अकराला सराफ्यातल्या खाऊगल्लीत यावं. आपण चालतो, चालण्यासारखं असलं की. मे महिन्यातल्या दुपारी सुपर कॉरिडॉरवर झाडाच्या सावलीशिवाय अर्धा किलोमीटर चालायला सांगितलं तर कोणीच चालणार नाही, आणि त्याला आळशी म्हणणंही बरोबर नाही. रस्त्यांच्या मानकांत फुटपाथची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर ठेवायला सांगितली आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला रस्त्यावर उतरायला लागू नये, एवढाच त्याचा अर्थ. विजयनगरच्या चौराह्यावर ही 1.8 मीटर शोधून दाखवावी. डीपी बॉक्स, पाण्याची टाकी, चाटवाल्याचा स्टॉल, उभ्या मोटारसायकली, आणि मधेच बिल्डिंगचा रॅम्प.

मोटारसायकल आणि स्कूटी हेच मेट्रोचे खरे प्रतिस्पर्धी आहेत, कार नव्हे. स्कूटी दारातून निघते आणि दारात पोचवते. मेट्रोनं जायचं तर घरापासून स्टेशनापर्यंत चालणं, जिने, तपासणी, गाडीची वाट बघणं, प्रवास, पुन्हा जिने, पुन्हा चालणं. वाहतुकीच्या अभ्यासात एक गोष्ट पक्की मानतात: चालण्यात आणि वाट बघण्यात गेलेला वेळ माणसाला गाडीत बसलेल्या वेळेच्या दुपटीच्या आसपास जड वाटतो. त्यामुळे डब्यातली पाच मिनिटं वाचवायला कोट्यवधी ओतण्यापेक्षा बाहेरची पाच मिनिटं वाचवली तर फायदा दुप्पट. तिकीट स्वस्त करूनही स्कूटीशी जमत नाही, कारण पेट्रोलचा खर्च टाकी भरायच्या दिवशीच दिसतो, तिकिटाचा रोज दिसतो.

आयबसची, म्हणजे वेगळ्या राखीव मार्गिकेतून धावणाऱ्या बसची, गोष्ट इथं काढावी लागेल. 2013 मध्ये निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा अशी साडेअकरा किलोमीटरची बीआरटीएस सुरू झाली. तिच्याबद्दल कितीही तक्रारी असल्या तरी तिला प्रवासी कमी पडले असं कोणी म्हणालं नाही. एबी रोडच्या दोन्ही बाजूंना कॉलेजं, क्लास, दवाखाने, ऑफिसं होती. थांब्यावर उतरलं की काम समोर. फेब्रुवारी 2025 मध्ये हायकोर्टातून ती हटवायचा मार्ग मोकळा झाला आणि रेलिंग निघू लागलं. गाड्यांची कोंडी हे कारण सांगितलं गेलं. मला तो निर्णय पटलेला नाही, पण तो वाद वेगळा. इथं एवढंच बघायचं की ज्या रस्त्यावर प्रवासी होते तिथली व्यवस्था आपण उखडली आणि जिथं प्रवासी नव्हते तिथं पहिली मेट्रो चालवली. डेपो गांधीनगरला, जमीन मोकळी, काम सोपं, म्हणून तिकडून सुरुवात, हे अभियांत्रिकीच्या दृष्टीनं समजण्यासारखं आहे. नियोजनाच्या दृष्टीनं ती घोडचूक होती, कारण पहिल्या अनुभवावरून लोक मत बनवतात आणि मग ते मत पुसायला वर्षं लागतात.

आता मार्ग शहरात शिरतो आहे. भौंरासला, एमआर 10, चंद्रगुप्त चौराहा, हीरानगर, बापट चौराहा, मेघदूत, विजयनगर. इथं माणसं आहेत. नंतर पलासिया, रेल्वे स्टेशन, राजवाडा, बडा गणपती. इथं तर माणसांशिवाय दुसरं काही नाही. मेट्रो जमिनीखालून न्यायची की वरून, कुठून खाली शिरवायची, यावर मंत्री, आमदार, व्यापारी सगळे वर्षानुवर्षं भांडले. त्या भांडणात जिने कुठं उघडणार, हा प्रश्न कुणी जोरात विचारल्याचं मला आठवत नाही. भुयारी स्टेशनाचं सगळं भवितव्य त्याच्या तोंडांवर असतं. राजवाड्याच्या स्टेशनाचं एक तोंड शीतलामाता बाजाराकडे, एक सराफ्याकडे, एक खजुरी बाजाराकडे आणि एक कृष्णपुऱ्याकडे उघडलं तर तो अख्खा जुना बाजार स्टेशनाचा भाग होईल. दोनच तोंडं मोठ्या रस्त्यावर काढली तर साडी घ्यायला आलेली बाई पुन्हा त्याच गर्दीत, त्याच ई-रिक्षांच्या मधून वाट काढत जाईल.

जुन्या वस्तीचं काय करायचं याचं उत्तर इंदूरला शंभर वर्षांपूर्वी मिळालं होतं, आणि ते होळकर दरबारानंच मागवलं होतं. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नियोजनकार त्या काळात इथं राहून काम करून गेले; 1918 साली त्यांचा दोन खंडांचा अहवाल दरबाराला सादर झाला. प्लेगचे दिवस होते. त्यांनी दिवाळीच्या निमित्तानं एक मिरवणूक काढवली, तिचा मार्ग ठरवला तो ज्या मोहल्ल्यांनी आपले रस्ते सर्वांत स्वच्छ केले त्यांच्यातून, आणि शेवटी घाणीचा राक्षस आणि प्लेगच्या उंदराचा पुतळा जाळला. 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात पहिला नंबर सोडायचा नाही असा चंग बांधलेल्या शहराला या प्रसंगाची आठवण करून द्यायला हवी असं नाही, पण गेडिसांचा दुसरा धडा मात्र आपण विसरलो. ते गल्लीगल्लीतून पायी फिरत. सरळ रुंद रस्ता आखून मधे येईल ते पाडायचं, या त्या वेळच्या इंजिनिअरांच्या पद्धतीला त्यांचा कडक विरोध होता. एखादं पडकं घर काढा, दोन बंद गल्ल्या जोडा, चौकात झाड लावा, पडवीएवढी मोकळी जागा सोडा. वस्ती जिवंत ठेवून तिच्या शिरा मोकळ्या करा, असं त्यांचं सांगणं होतं.

अलीकडे बडा गणपती ते कृष्णपुरा रस्ता रुंद करताना घरांचे दर्शनी भाग पाडले गेले ते बघून गेडिसांनी काय म्हटलं असतं, याची कल्पना करायला नको. रस्ता रुंद झाला की त्यावर गाड्या येतात. ज्या लोकांनी मेट्रोनं यावं असं आपण म्हणतो त्यांना गाडीनं यायचं आमंत्रणच ते. राजवाड्याला मेट्रो येणार असेल तर तिथं जादा एफएआर नको, रुंद रस्ताही नको. तिथं हव्यात गेडिसांच्या त्या छोट्या शस्त्रक्रिया: मारोठिया ते सराफा, बर्तन बाजार ते राजवाडा, असे शंभर-दीडशे मीटरचे सलग, सपाट, उजेड असलेले पायरस्ते.

उजेडाचा मुद्दा मला वेगळा काढायचा आहे. पहिल्या पाच स्टेशनांना देवी अहिल्याबाई, राणी लक्ष्मीबाई, राणी दुर्गावती, राणी अवंतीबाई आणि झलकारीबाई यांची नावं दिली आहेत. फार छान. आता रात्री साडेआठला शिफ्ट संपवून फाटकाबाहेर आलेली पंचवीस वर्षांची मुलगी राणी दुर्गावतींच्या नावाच्या स्टेशनाकडे एकटी चालत जाईल का, हे तिलाच विचारा. एका बाजूला लांबच लांब भिंत, दुसऱ्या बाजूला वेगानं जाणारे ट्रक, मधे ना चहाची टपरी ना पानवाला. दिव्यांचे खांब लावून ही भीती जात नाही. उघडं दुकान, खिडकीतून बघणारी आजी, बाहेर खुर्ची टाकून बसलेला चौकीदार, अशानं जाते. भूखंड मोठा असला की हे काही उगवत नाही, कारण मोठ्या भूखंडाला रस्त्याकडे तोंड करायची गरजच नसते. आईवडील मुलीला सांगतात, कॅब कर, पैसे आम्ही देतो. त्या प्रवाशाची मेट्रोच्या कुठल्याच आकडेवारीत नोंद होत नाही, कारण ती स्टेशनापर्यंत आलीच नाही.

मराठी वस्त्यांपुरतं बोलायचं तर आपलं नैऋत्य इंदूर, म्हणजे लोकमान्यनगर, वैशालीनगर, सुदामानगर, राजेंद्रनगर, या वर्तुळाच्या बाहेरच राहतं. त्यावर बरीच नाराजी आहे. पण आपल्या वस्तीत रुळ नाहीत असं थोडंच आहे? महूच्या लाइनवर लोकमान्यनगरचं आणि राजेंद्रनगरचं स्वतंत्र रेल्वे स्टेशन आहे. त्याचा रोजच्या कामाला उपयोग किती जण करतात? गाड्या मोजक्या, वेळा अडचणीच्या, स्टेशनाकडे जाणारा रस्ता वस्तीच्या पाठीमागून, पुढं सिटी बसचा पत्ता नाही. स्टेशन असणं आणि ते वापरता येणं यातलं अंतर समजून घ्यायला सुपर कॉरिडॉरपर्यंत जायलाही नको. सानंद या इथल्या मराठी संस्थेचं नाटक बघून रात्री दहाला गाडी न काढता घरी येता आलं तर शहराची वाहतूक व्यवस्था सुधारली असं मी म्हणेन; या कसोटीला सध्या कुठलीच लाइन उतरत नाही.

फीडर बस, ई-रिक्षा, मॅजिक यांच्याबद्दल फार लिहीत नाही. मेट्रो धोरणानं प्रत्येक स्टेशनाची पोच फीडरनं किमान पाच किलोमीटरपर्यंत वाढवायला सांगितलं आहे, आणि तसं करायलाच हवं. फक्त ई-रिक्षांना थांबायची जागा जिन्यापासून वीस पावलांवर आणि चालणाऱ्यांच्या वाटेबाहेर ठेवावी. आता ते जिथं जागा मिळेल तिथं थांबतात, मग पोलीस हाकलतात, मग ते पुन्हा येतात.

हे सगळं करायचं कुणी, इथं घोडं अडतं. स्टेशन मेट्रो कंपनीचं, रस्ता नगर निगमचा, प्लॉट विकास प्राधिकरणाचा, बस दुसऱ्याच कंपनीची, नकाशा नगर तथा ग्राम निवेश खात्याचा. 2008 मध्ये लागू झालेल्या विकास योजनेची मुदत 2021 लाच संपली आणि नवी योजना वर्षानुवर्षं लांबत राहिली. म्हणजे मेट्रो ज्या काळात बांधली गेली त्या काळात तिच्याभोवतीच्या शहराचा ताजा आराखडाच नव्हता. 2022 साली संसदेच्या स्थायी समितीनंही अनेक शहरांच्या मेट्रोत प्रवासी कमी असल्याबद्दल चिंता व्यक्त केली होती आणि स्टेशनापर्यंत पोचण्याच्या सोयींवर बोट ठेवलं होतं. तरी आपल्याकडे प्रत्येक खातं आपल्या हद्दीपर्यंतचं काम चोख करतं आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीपुढं कुणाचीच हद्द नसते.

यावर एकात्मिक प्राधिकरणाची मागणी होते, आणि होवो. पण ते येईपर्यंत थांबायची गरज नाही. हीरानगर, बापट चौराहा, मेघदूत या स्टेशनांभोवती प्रत्येकी अर्ध्या किलोमीटरची एक पायी पाहणी करा. निगमचा इंजिनिअर, मेट्रोचा इंजिनिअर, वॉर्डाचा नगरसेवक आणि त्या मोहल्ल्यातल्या चार बायका, असे सगळे बरोबर चाला. कुठली भिंत आड येते, कुठल्या नाल्यावर छोटा पूल हवा, कुठल्या कॉलनीचं मागचं फाटक कुलूपबंद आहे, हे एका सकाळीत कळतं. कॉलनीवाले फाटक उघडायला तयार होणार नाहीत, चोऱ्या होतील म्हणतील. त्यांच्याशी बोलावं लागेल, दिवसा उघडं नि रात्री बंद असा काहीतरी मार्ग काढावा लागेल. कचरा ओला-सुका वेगळा करायला याच शहरातल्या घराघराशी कुणीतरी बोललं होतंच की.

सुपर कॉरिडॉरवर मात्र पाहणीनं भागणार नाही. तिथं अजून शहर व्हायचं आहे. माझी मागणी तिथं अगदी मर्यादित आहे. जे भूखंड अजून विकलेले नाहीत ते आहेत तसे मोठे विकू नयेत. ते लहान करावेत, दर शंभर-सव्वाशे मीटरला सर्वांसाठी उघडी अशी आडवी गल्ली सोडावी, आणि गल्लीकडे तोंड करून तळमजल्यावर दुकानं काढायची अट घालावी. पार्किंगची किमान सक्ती स्टेशनाजवळ उठवावी. एफएआर वाढवायचा तर हे झाल्यावर. मोठा प्लॉट एकरकमी विकला की तिजोरीत पैसा लवकर येतो, हे प्राधिकरणाचं नेहमीचं उत्तर असेल, आणि त्यात तथ्य आहे. पण लहान प्लॉट सावकाश विकले तर चौरस फुटाला भाव जास्त मिळतो, हेही जमिनीच्या धंद्यातल्या कुणालाही ठाऊक आहे. यासाठी नवा कायदा लागत नाही. भूखंडांची पुढची निविदा निघण्याआधी त्यांचा आखणीचा नकाशा तेवढा बदलावा लागेल.